मृत्यूबद्दल आणि दुःखाबद्दल चारचौघांत बोलावं का?

पाणवठा

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मृत्यू आणि त्यामागून येणारं दुःख यांबद्दल माणसांनी एकत्र बसून मोकळेपणी बोलायला हवं, आणि ही सवय घरात कुणी गंभीर आजारी पडण्याच्या आधी लागायला हवी. ऐन वेळी हा विषय काढणं कुणालाच जमत नाही. आजारी माणूस घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प, घरचे त्याचा धीर सुटू नये म्हणून गप्प. दोघांनाही सगळं ठाऊक असतं आणि दोघंही एकमेकांसमोर हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात.

अशा बैठका जगात बऱ्याच ठिकाणी भरतात. स्वित्झर्लंडमधले समाजशास्त्रज्ञ बर्नार क्रेत्ताझ यांनी २००४ मध्ये न्यूशातेल शहरात 'काफे मॉर्तेल' सुरू केलं. त्यावरून स्फूर्ती घेऊन जॉन अंडरवुड यांनी सप्टेंबर २०११ मध्ये पूर्व लंडनमधल्या आपल्या घरी पहिलं 'डेथ कॅफे' भरवलं. नियम त्यांनी आपल्या मानसोपचारक आईबरोबर बसून ठरवले. आधी ठरवलेला विषय नाही, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे ढकलायचं नाही, काही विकायचं नाही, नफा कमवायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, आणि सोबत खायला-प्यायला काहीतरी हवंच. आज ८० हून अधिक देशांत लोक असे जमतात. अंडरवुड स्वतः २०१७ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी अचानक गेले. रक्ताचा कर्करोग होता आणि त्याचं निदानच झालं नव्हतं. घरच्यांनी काम पुढे चालू ठेवलं.

मी अशाच एका लहान गटात बरीच वर्षं जाते. तिथे एक बाई यायच्या, फारशा बोलायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "मी गेल्यावर माझ्या मुलाला कुणीतरी सांगेल ना, की माझा त्याच्यावर राग नव्हता?" खोलीत कुणाला काही सुचेना. मग शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तुम्हीच का नाही सांगत?" त्या बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या. पुढे त्यांनी सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण हा प्रश्न त्या घरात कुणापाशीही काढू शकल्या नव्हत्या आणि अनोळखी लोकांत काढू शकल्या, एवढं मी पाहिलं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतंही सविस्तर लिहा.

कातळ

पाणवठा, तळमळ पोचली. पण पटलं नाही.

माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. त्यानंतर भेटणारा प्रत्येक जण एकच सांगायचा: बोल, मनात ठेवू नकोस, मोकळा हो. मी रडत नव्हतो याची लोकांना काळजी वाटत होती. मी काय करत होतो? त्याने दुरुस्तीला काढलेली एक जुनी मोटरसायकल होती, ती सुट्या भागांसकट माझ्याकडे आणली होती. संध्याकाळी तिच्यापाशी बसायचो. कुठला भाग आधी, कुठला नंतर, हे त्याने एका कागदावर लिहून ठेवलं होतं. काही ओळींपुढे बरोबरची खूण, काही कोऱ्या. मी कोऱ्या ओळी एकेक करून पुऱ्या केल्या. त्या वेळात मला जे मिळालं ते गोल करून बसल्याने मिळालं नसतं. तिथे मला त्याच्याविषयी वाक्यं तयार करावी लागली असती.

न बोललेलं दुःख आत कुजतं आणि कधीतरी फुटून बाहेर येतं, हे आपण इतकं गृहीत धरलंय की कुणी तपासायलाही जात नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. उतारवयातल्या जोडप्यांच्या मुलाखती जोडीदार जिवंत असतानाच घेतलेल्या होत्या, नंतर जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने पुन्हा घेतल्या. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळपास निम्मी माणसं अशी निघाली की त्यांना आधीही नैराश्य नव्हतं आणि नंतरही आलं नाही. आठवणीने कासावीस होण्याचे क्षण त्यांनाही होतेच, पण रोजचं जगणं कोलमडलं नव्हतं. आणि आधी दबून राहून मागाहून उसळणारं दुःख फारच थोड्यांत दिसलं.

म्हणजे गप्प राहून सावरणारा माणूस आजारी नाही. त्याला गटात बसवायचा आग्रह धरणं म्हणजे त्याचं सावरणंच संशयास्पद ठरवणं.

आणखी एक. चारचौघांत दुःख सांगायला लागलं की ते नकळत ऐकणाऱ्यांसाठी घडवलं जातं. ज्याला शब्द सुचतात त्याचं दुःख मोठं ठरतं, अडखळणारा मागे पडतो. ही शर्यत मला नको.

दीपमाळ

कातळ यांच्याशी सहमत. दुःख ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. जवळची एक-दोन माणसं पुरतात, गट कशाला?

उंबरा

दीपमाळ, जवळची एक-दोन माणसं पुरतात हे ज्यांना अशी माणसं असतात त्यांच्यापुरतं खरं. माझ्या बाबतीत जवळचं माणूस म्हणजे नवरा, आणि मुलगी आम्हा दोघांचीच गेली होती. तो कोसळलेला, मीही कोसळलेली. एकमेकांना आधार कुठून देणार? तो रात्री बाहेरच्या खोलीत बसायचा, मी आत. एकाने विषय काढला की दुसऱ्याचा तो दिवस वाया जायचा, म्हणून हळूहळू काढणंच बंद झालं.

कातळ, तुमच्या मोटरसायकलबद्दल वाचून थांबले थोडा वेळ. तुमचं दुःख तुमच्या पद्धतीने चाललं, त्यात कमी काहीच नाही. पण माझा प्रश्न वेगळा होता. लोक सहज विचारतात, "तुम्हाला मुलं किती?" गाडीत शेजारी बसलेली बाई विचारते, नवीन शेजारी विचारतात. माझा एक मुलगा आहे. 'एक' म्हणाले तर मुलीला पुसून टाकल्यासारखं होतं. 'दोन' म्हणाले तर पुढचा प्रश्न येतो, मोठी काय करते? मग खरं सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो आणि मलाच तिची समजूत काढावी लागते. या एका प्रश्नाच्या भीतीने मी समारंभांना जाणं सोडलं होतं.

मूल गेलेल्या आईवडिलांच्या गटात गेले तेव्हा पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघाला, मी न काढता. एक जण म्हणाले, "मी माणूस बघून ठरवतो. परत भेटणार नसेल तर 'एक' सांगतो आणि मनात मुलाची माफी मागतो." दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "मी कायम 'तीन' म्हणते, समोरच्याचं काय व्हायचं ते होवो." कुणी कुणाला चूक म्हटलं नाही. त्या संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की हा पेच जगात मला एकटीलाच पडलाय. हे मला कुठल्या समुपदेशकाने सांगून कळलं नसतं आणि जिवलग मैत्रिणीनेही नाही. ते ज्यांच्यावर ओढवलंय त्यांच्याकडूनच कळतं.

अशा गटांचा उगमही असाच आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात १९६८ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने दोन मुलं गेली. तिथले तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं की ती दोन जोडपी एकमेकांना जो आधार देताहेत तो आपण देऊ शकत नाही. त्यांनी त्यांची गाठ घालून दिली होती, तेवढं पुरलं. त्यातून १९६९ मध्ये 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था उभी राहिली, आणि आज ती अनेक देशांत आहे. चालवणारे बहुतेक जण स्वतः मूल गमावलेले.

शर्यतीबद्दल: आमच्या गटात कमी बोलणाऱ्यालाही मान होता. एक बाबा जवळजवळ कधीच बोलले नाहीत. ते दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावायचे.

कुंपण

मी मुद्दाम दुसरी बाजू लिहितोय, कारण गट कोण भरवतं यावर सगळं अवलंबून आहे असं माझं ठाम मत झालंय.

आमच्या कार्यालयात एक सहकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. लगेच सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. बाहेरून समुपदेशक आणलेला, टेबलाच्या टोकाला वरिष्ठ बसलेले. पाळीपाळीने प्रत्येकाने 'मनात काय चाललंय' ते सांगायचं. माझ्या शेजारची मुलगी नवी होती, तिचे वडील काही महिन्यांपूर्वीच गेले होते, हे मला आणि आणखी एखाद्यालाच माहीत. तिची पाळी आली. ती म्हणाली, "मला नाही बोलायचं." समुपदेशक समजुतीच्या सुरात म्हणाले, "बोललं की हलकं वाटतं, प्रयत्न कर." सगळे तिच्याकडे बघताहेत. ती बोलली. वडिलांबद्दल बोलली, रडली, आणि ज्या लोकांसमोर तिला रोज कामाचे हिशेब द्यायचे होते त्यांच्यासमोर उघडी पडली. पुढचे कितीतरी दिवस ती कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती, डबा घेऊन एकटीच बसायची.

त्या खोलीतून बाहेर जायचं स्वातंत्र्य कुणालाच नव्हतं. पगार देणाऱ्याने भरवलेल्या बैठकीत 'मोकळेपणा' कसा येणार? माझ्या मते कार्यालयाने रजा द्यावी, कामाचा भार वाटून घ्यावा, गेलेल्याच्या घरच्यांचे कागदपत्रांचे सोपस्कार पटापट उरकून द्यावेत. मन मोकळं करण्याची व्यवस्था त्यांनी करू नये.

अभ्यागत

मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडी भर घालतो.

कुंपण यांनी सांगितलेल्या प्रकाराला परंपरा आहे. आगीचे बंब, रुग्णवाहिका यांवर काम करणाऱ्यांसाठी जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली: भीषण प्रसंगानंतर लवकरात लवकर सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलून घ्यायचं. हेतू चांगला होता. पुढे ती पद्धत कुठल्याही दुर्घटनेनंतर कुणालाही सरसकट लावली गेली. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात एकाच बैठकीत उरकलेल्या 'बोलून घेण्या'चा फायदा दिसला नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तर ज्यांना बोलतं केलं त्यांची अवस्था वर्षाने इतरांपेक्षा वाईट होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली तेव्हा त्यात स्पष्ट सांगितलं की माणसाला बोलायला भाग पाडू नये. काय हवं-नको ते पाहा, ऐका, योग्य मदतीशी गाठ घालून द्या, एवढंच.

आता याच माहितीवर उड्या मारून 'गट घातक असतात' असं कुणी म्हणू नये. त्या आढाव्यातल्या चाचण्या मुख्यतः एकेकट्या माणसाशी केलेल्या बोलण्याच्या होत्या, आणि विषय ताज्या आघाताचा होता. उंबरा ज्या गटाबद्दल लिहिताहेत तो स्वेच्छेचा, लांब चालणारा, समदुःखी लोकांचा. दोन्हींची गल्लत नको.

कातळ यांचा बोनॅनोंचा दाखला बरोबर आहे. त्याला दुसरी बाजू जोडतो. त्याच अभ्यासात एक लहान गट असाही होता ज्यांचं दुःख दीड वर्षानंतरही तसूभर हललं नव्हतं. अशा अवस्थेला आता वैद्यकीय नाव आहे, दीर्घकालीन शोकविकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, ज्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, किमान ६ महिन्यांची मुदत आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्च २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची. त्यावर खास उपचार आहेत आणि ते प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायचे असतात. मित्रांच्या गोलात बसून ते होत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांचं १९९९ मधलं मांडणं. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या दिशेने, कधी मागे उरलेल्या आयुष्याच्या दिशेने: बँकेचं खातं, मुलांची शाळा, रिकामा रविवार. ही ये-जा चालू राहणं निरोगी. कुठल्याही एकाच टोकाला अडकणं त्रासाचं. गट फक्त रडायला लावत असेल तर तो एका टोकाला बांधून ठेवतो. चांगल्या गटात 'वीजबिल कुणाच्या नावावर करायचं' हेही बोललं जातं. आणि कातळ, मोटरसायकल जोडताना तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडे होता.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे. उपचार थांबल्यानंतरच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. अतिदक्षता विभागाच्या बाहेर भावंडांची भांडणं रोज बघते. व्हेंटिलेटर लावायचा की नाही? एक म्हणतो, आईला हे चाललं नसतं. दुसरी म्हणते, तुला काय माहीत, तू कधी भेटायला यायचास? डॉक्टर सहीसाठी थांबलेले. आतल्या माणसाला आयुष्यात कधीही, एकदाही, कुणी विचारलेलं नसतं. नंतर काहीही निर्णय झाला तरी त्या भावंडांत ती फट राहते.

'मृत्यूबद्दल बोललं की आजारी माणूस खचतो' हे कारण मी सगळ्यात जास्त ऐकते. अमेरिकेत शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी डॉक्टरांनी शेवटाबद्दल बोलणं केलं होतं त्यांच्यात नैराश्य किंवा काळजी जास्त आढळली नाही. त्यांच्यावर शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार कमी झाले, आणि असे उपचार टळले तिथे मागे राहिलेले घरचेही पुढे जास्त सावरले.

दुसरा अभ्यास स्वीडनचा, २००४ सालचा. कर्करोगाने मूल गमावलेल्या आईवडिलांना विचारलं होतं, तुम्ही मुलाशी त्याच्या मृत्यूबद्दल बोललात का? १४७ जण बोलले होते. त्यातल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. २५८ जण बोलले नव्हते. त्यातल्या ६९ जणांना, म्हणजे चारातल्या एकाहून अधिक लोकांना, आपण बोलायला हवं होतं असं वाटत होतं. मुलाला कळलंय हे ज्यांना जाणवलं होतं आणि तरी जे गप्प राहिले, त्यांच्यात हे प्रमाण आणखी बरंच जास्त. हे आकडे मी नव्या परिचारिकांना दर वेळी सांगते.

कातळ

शुश्रूषा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण तुम्ही दिलेले दोन्ही दाखले गटाचे नाहीत. एक डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला, दुसरा आईबाप आणि लेकरू यांच्यातला. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. भाऊ दवाखान्यात असता तर मीही त्याच्याशी बोललो असतो. आठ-दहा परक्यांसमोर बोलण्याला यातून पुरावा मिळत नाही.

अभ्यागत, शेवटचं वाक्य पोचलं. धन्यवाद.

पाणवठा

कातळ, हा फरक तुम्ही नेमका पकडलात. माझं उत्तर असं: घरातल्या माणसाशी ते बोलणं व्हावं म्हणूनच गट हवा. त्या बाईंना मुलापाशी जायचं होतं, पण पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडायला अशी जागा लागली जिथे ते ऐकून कुणी घाबरणार नव्हतं. घरात ते वाक्य म्हटलं की लगेच "काहीतरी अभद्र बोलू नकोस" हे येतं. परक्यांना तुमच्या मरणाची भीती वाटत नाही, म्हणून ते तुमचं पूर्ण ऐकून घेऊ शकतात. जवळच्यांना ते जमत नाही, कारण तेही त्यात ओढले जातात. उंबरा यांच्या घरी हेच झालं.

आणि इथे दोन निराळे गट एकत्र मिसळले जाताहेत, ते वेगळे करते. मी जाते तो मृत्यूवर बोलणारा गट. डेथ कॅफेच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे की हा शोकात असलेल्यांना आधार देणारा किंवा समुपदेशनाचा गट नाही. आमच्याकडे कुणी अगदी ताजं दुःख घेऊन आलं तर आम्ही बाजूला घेऊन सांगतो की इथे काही जण उत्सुकतेने, काही तात्त्विक वाद घालायला येतात. कुणाचं एखादं वाक्य तुम्हाला लागेल, तुमच्यासाठी दुसरी जागा आहे. उंबरा जातात तो समदुःखींचा गट. तिथे माझ्यासारखीने बघे म्हणून जाऊन बसणं चुकीचं.

कुंपण यांनी वर्णन केलेलं तिसरंच काहीतरी आहे. माझ्या लेखी तो गट नव्हेच. ज्या खोलीत 'मला नाही बोलायचं' हे उत्तर चालत नाही, तिथे बाकी कुणी कितीही मोकळं बोललं तरी ते वदवून घेतलेलंच असतं.

दवबिंदू

या सगळ्यात लहान मुलं कुठे बसतात? बहिणीचे यजमान गेले, भाचा सात वर्षांचा आहे. सगळे मोठे त्याच्यासमोर आवाज खाली करतात. मुलांसाठी गट असतात असं ऐकलंय, पण एवढ्या लहान मुलाला दहा अनोळखी मुलांत बसवून वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलायला लावणं मला क्रूर वाटतं.

उंबरा

दवबिंदू, बोलायला लावलं तर क्रूरच. पण मुलांच्या चांगल्या गटांत लावत नाहीत. अमेरिकेत पोर्टलंड इथे १९८२ पासून 'डगी सेंटर' आहे, अशा कामाची सुरुवात ज्यांनी केली त्यांतलं एक. तिथे मुलं जमतात आणि बहुतेक वेळ खेळतात. गोल करून बसतात तेव्हा 'मला नको' म्हणून पाळी पुढे ढकलायची मुभा प्रत्येकाला असते. त्यांच्याकडे एक खोली खास आदळआपट करण्यासाठी आहे, भिंतींना जाड गाद्या लावलेली. राग आलेलं मूल तिथे उशा फेकतं. शेजारच्या मुलाचेही बाबा गेलेत हे त्याला खेळता खेळता कळतं.

मुलगी गेली तेव्हा माझा मुलगा साधारण तुमच्या भाच्याएवढा होता. या वयापर्यंत बहुतेक मुलांना गेलेलं माणूस परत येत नाही हे समजायला लागलेलं असतं. त्याच्या शाळेत कुणालाच बहीण गेलेली नव्हती. त्याने मला एकदा विचारलं, "मी तिची पेन्सिल वापरली होती न विचारता, म्हणून?" मी ती पेन्सिल त्याच्या दप्तरात पाहिली होती, त्यामागे हे असेल असं मनातही आलं नव्हतं. मुलं असा दोष स्वतःवर घेतात आणि मोठे आवाज खाली करून बोलत राहतात. भाच्याला गटात न्या किंवा नेऊ नका, पण 'तुझ्यामुळे झालेलं नाही' हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगा. त्याने विचारायची वाट बघू नका. आणि एकदा सांगून थांबू नका.

दवबिंदू

सांगते बहिणीला. आज रात्रीच बोलते.

दीपमाळ

उंबरा, माझ्या दोन ओळी वाचून तुम्हाला त्रास झाला असेल तर क्षमस्व, हेतू तो नव्हता. मत मात्र तेच आहे. मला स्वतःला जायचं नाही आणि माझ्यासारखे पुष्कळ असतील. गटांचा प्रचार करणाऱ्यांनी 'सगळ्यांनी यावं' हे म्हणणं सोडलं तर माझी काही तक्रार नाही.

कुंपण

माझा एक प्रश्न बाकी आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. गटात एखादा म्हणाला, "मलाही आता जगावंसं वाटत नाही," तर? तिथे ना डॉक्टर, ना कुणी प्रशिक्षित. आठ-दहा सज्जन माणसं एकमेकांकडे बघत बसतील. पाणवठा, तुमच्या गटात याची काय तयारी आहे?

शुश्रूषा

हे मी लिहिते, कारण आम्हाला हे शिकवतात आणि सगळ्यांनाच यायला हवं.

शोकात 'मला तिच्याकडे जावंसं वाटतं' असं पुष्कळ लोक म्हणतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात आत्महत्या नसते. पण अंदाज बांधत बसायचं नाही. सरळ विचारायचं: "आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरतात ही भीती निराधार आहे, त्यावर बराच अभ्यास झालाय आणि तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला बरं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर पुढे विचारायचं, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, बोलावता येईल अशा घरच्या माणसाला बोलवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत किंवा आत्महत्या प्रतिबंध मदतवाणीपर्यंत पोचवायचं. ऐकलेलं बाहेर न नेण्याचा नियम इथे लागू होत नाही, आणि हे बैठकीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

हे एवढं ज्याला जमणार नाही त्याने गट भरवू नये. कितीही चांगल्या मनाने भरवला तरी.

पाणवठा

कुंपण, आमच्याकडे दर बैठकीला दोघं जण जबाबदार असतात. एक जण बोलणं सांभाळतो, दुसरा कुणी उठून बाहेर गेलं तर मागोमाग जातो. मदतवाणीचा आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांचा क्रमांक दाराशी लावलेला असतो. गुप्ततेला असलेला अपवाद सुरुवातीलाच सांगायचा, हा शुश्रूषा यांचा मुद्दा पुढच्या बैठकीपासून घेते.

दीपमाळ, 'सगळ्यांनी यावं' हे मी म्हणणार नाही. 'ज्याला यायचं त्याला जागा असावी' हे मात्र म्हणत राहीन.

कातळ

मी अजूनही जाणार नाही. पण आई गेले काही महिने भावाचा विषय निघाला की उठून आत जाते. मी तिचं ते माझ्यासारखंच समजून गप्प बसलो होतो. उंबरा, तुमच्यासारखा मूल गेलेल्यांचा गट एखाद्या वयस्क बाईला झेपेल का? तिचा मुलगा चाळिशीचा होता, लहान नव्हता. तिथे तिला परकं तर वाटणार नाही?

उंबरा

नाही वाटणार. आमच्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आहेत, त्यांचा मुलगा साठीला पोचला होता. आधी एकदा मला त्यांच्याशी फोनवर बोलू द्या, नुसतं ओळखीपुरतं. गटाचं नंतर, त्यांना वाटलं तर. निरोप पाठवलाय तुम्हाला.